किरकिरीवर चढवलेलं भजन

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दोडामार्गला लेकीकडे होते. बापू म्हणजे माझा पाठचा भाऊ, मी राहते त्याच्याच घरी. एसटी बदलत मालवणला पोचेपर्यंत त्याला नेलंही होतं. ओटीवर माणसं चहा पीत बसलेली. जी जन्मभर त्याला 'तारेवरचो खुळो' म्हणत, तीच आता 'माणूस मोठो हुशार' म्हणत होती. दीड महिना झाला. लोक विचारतात, आक्का, तू रडत कशी नाहीस? काय सांगू... मला रडू येण्याआधी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

बापूला हौशी रेडिओचा नाद. सरकारी परवाना काढून हे लोक घरबसल्या आपल्यासारख्याच दूरदूरच्या वेड्यांशी बोलतात. बापू तोंडाने कमी, तारयंत्राच्या कळीवर बोट ठेवून जास्त बोले, तारखात्यातल्यासारखं कट्ट-कडकट्ट. परसातल्या दोन माडांना त्याने तार बांधली होती, तिच्यावर शेजारीण खुशाल खारवलेले बांगडे टांगी. "काकी, रशियातलो माणूस इचारता, सुके बांगडे कशे दिल्यात?" एवढंच तो म्हणे.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास त्याचे कान अधू झाले. कट्ट आणि कडकट्ट सारखंच वाटू लागलं. दुसऱ्याने कळ गुंडाळून ठेवली असती. बापूने गोव्यातल्या एका खलाशाकडून जुना कॉम्प्युटर आणला. जुना म्हणजे नुसता टाइप करायचा पाट, टीव्हीला जोडायचा. त्याची सगळी अक्कल एका कॅसेटमध्ये. रोज सकाळी ती टेपरेकॉर्डरवर लावायची, बराच वेळ ती केकाटायची, आणि मग रेडिओतलं कट्ट-कडकट्ट टीव्हीवर इंग्रजी अक्षरं होऊन उमटायचं.

"काय रे ह्यां, मांजर दारात चेंगारल्यासारख्यां?" मी चुलीकडून ओरडे.

"मशीन शिकता आसा गो आक्का. शिकताना सगळीच रडतत."

चहाचं आधण आणि ती किरकिर, आमची सकाळ अशी उजाडे. ती इंग्रजी अक्षरं मलाही त्यानेच टीव्हीसमोर बसवून शिकवली.

केरळातले एक मास्तर त्याचे रोज सकाळी सातचे सोबती. भेट कधीच नाही. त्यांचं कार्ड भिंतीला होतं, त्यावरच्या पत्त्यावर मी कळवलं. त्यांचा फोन आला, मोडक्या हिंदीत. या लोकांत माणूस गेला म्हणत नाहीत, त्याची कळ मुकी झाली म्हणतात. रविवारी सात वाजता सगळे सोबती बापूचं रेडिओवरचं नाव पुकारतील, उत्तराची वाट बघतील, आणि गप्प होतील. मला ते नाव टीव्हीवर उमटताना बघायचं होतं. कट्ट-कडकट्ट मला कुठलं कळतंय...

रविवारी बापूच्या मुलाने, नितीनने, रेडिओ लावून दिला. मी कॅसेट घातली, बापू दाबे तीच बटणं दाबली. आणि मृदंग वाजला. बाराव्याला भजनी मंडळ आलेलं. नितीनला ते टेप करायचं होतं आणि घरात कोरी कॅसेट नव्हती.

"आते, तेच्यात काय नव्हतां गो. नुसती किरकिर."

"कोणाक इचारलंस?"

"भजन बरां झाला मा पण. अर्ध्यार लाइट गेली, नायतर सगळां इला असतां."

शेजारीण खिडकीतून म्हणाली, "देवाचां नाव चढलां, कॅसेटचां सोनां झालां."

तेवढ्यात रेडिओ वाजू लागला. एक थांबला की दुसरा. त्या कट्ट-कडकट्टमध्ये माझ्या भावाचं नाव होतं आणि मला ते ओळखता येईना. टीव्ही कोरा. मग सगळे गप्प झाले. तेवढं मात्र मला कळलं.

ज्यांना त्याचं बोलणं किरकिर वाटलं, त्यांनी त्याच्यावर नेऊन देवाला बसवलं. देवालाही ती जागा आवडली नसेल.

कॅसेट मी कुणाला देत नाही. तिचा सुरुवातीचा भाग पुसला गेला, उरलेल्यातून मशीन काही शिकत नाही. तरी सकाळी आधण ठेवलं की मी ती लावते. बुवांना गाऊ देते. मग ओळीच्या मध्येच बुवांचा आवाज तुटतो, आणि ती किरकिर सुरू होते...

"आते, बंद कर गो तां," नितीन आतून म्हणतो.

"रव जरा," मी म्हणते. "शिकता आसा अजून."