आण्णांच्या वाकड्या अंगठ्याचा तपास

आमच्या घरात चोरी झाली होती आणि चोर मी पकडला, एवढं मात्र खरं आहे.

साल दुष्काळाचं. दोन पावसाळे कोरडे गेलेले. गावात टँकर तीन दिवसांनी यायचा. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, गल्लीत दाराला दार लागून कुलपं. मी कॉलेज संपवून, नोकरी न मिळाल्यामुळे घरी परतलो होतो. सोबत एक पदवी आणली होती आणि एक व्यसन: जुने रहस्यपट. होस्टेलवर दर रविवारी भाड्याचा व्हिडिओ यायचा. ओसाड बंगला, बाहेर धो धो पाऊस, कंदील घेतलेला अबोल नोकर आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी ओळखणारा गुप्तहेर. असे पिक्चर मी इतके पाहिले होते, की मांजर आडवी गेली तरी तिचा हेतू काय असावा याचा मी विचार करायचो.

आमचं घर माळवदाचं. मातीचं जाड छत, उजेडासाठी छताला एक भोक. आतल्या खोलीत भर दुपारी स्वतःचा हात दिसत नसे. (पाऊस सोडला तर गुन्ह्याची सगळी सोय होती!) त्याच खोलीत पाण्याचा ड्रम. घरात माणसं चार: आई, मी, चुलते आण्णा आणि काकू. वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं, शिकवलं ते आण्णांनी. ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. पण जनावरं काही विकली गेली, काही चारा छावणीला गेली आणि चार महिन्यांत सोसायटीत थेंबभर दूध आलं नव्हतं. आण्णांचं बोलणं आटलं होतं. रोज दुपारी कुठंतरी जायचे, तासाभराने येऊन भिंतीला टेकून बसायचे.

एक दिवस काकू म्हणाली, "ड्रममधलं पानी रोज कमी व्हायलंय. कोन न्यायलंय काय की."

वाक्य साधंच होतं. मला मात्र ढगांचा गडगडाट ऐकू आला.

मी रोज दुपारच्या जेवणानंतर ड्रमभोवती चुलीतली राख पसरू लागलो. पहिल्या दिवशी आईनं ती झाडून काढली. "राख कावून सांडलीस रे?" मी गूढ हसलो. दुसऱ्या दिवशी कंदील धरून पाहिलं, तर राखेत कोंबडीचे ठसे उमटलेले. दीड दिवस मी त्या कोंबडीच्या पाळतीवर होतो. (ती निर्दोष निघाली.) चौथ्या दिवशी ठसा माणसाचा होता. डावा पाय, अंगठा वाकडा. असा अंगठा घरात एकाचाच. आण्णांच्या पायावर बैलानं पाय दिला होता, तेव्हापासूनचा.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, आनंद झाला. पिक्चरमध्ये ज्याच्यावर कधीच संशय जात नाही, तोच तर गुन्हेगार असतो!

दुसऱ्या दिवशी उमापूरकडचे पाहुणे मला मुलगी द्यायची म्हणून घर बघायला आले. मुलीचे वडील बापू आणि मामा. चहा झाला. वडिलांनी विचारलं, "पोरगं काय करतंय सध्या?"

आण्णा म्हणाले, "अजून काई न्हाई. पन डोकं लई हाय त्याला."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळी माणसं एका खोलीत बसलेली होती, आणि असा योग पुन्हा येणार नव्हता. मी उठलो. हात पाठीमागे बांधून येरझारा घालत सगळी केस सांगितली. कोंबडीपाशी मामा हसले, तसा मी जास्तच पेटलो.

"पाणी चोरणारा माणूस," मी म्हणालो, "आत्ता याच खोलीत बसलाय. आण्णा, डावा पाय पुढं करा."

मी बोट रोखलं. आण्णांनी खरंच पाय पुढं केला.

मग म्हणाले, "मीच न्यायलोय. सोसायटीचे क्यान धुतोय रोज."

"पन दूध कुठंय?" काकूनं विचारलं.

"न्हाई. पन तसेच ठिवले तर वास धरतेत. उद्या दूध आलं तर कशात घालायचं?" त्यांनी पाय मागं घेतला. "माझ्या आंघुळीचं पानी हाय ते. नऊ दिस झाले, आंघूळ केली न्हाई मी. कुनाच्या वाट्याचं घेतलं न्हाई."

माझं बोट अजून त्यांच्याकडेच रोखलेलं होतं. ते खाली कसं घ्यायचं, हे मला कळेना.

"मला सांगायचं तरी," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"काय सांगू? हासली असतीस."

मुलीचे वडील उठले. "चला, क्यान दावा," ते आण्णांना म्हणाले. त्यांच्याही गावची सोसायटी त्याच उन्हाळ्यात बंद पडली होती. तिघं उन्हात चालत गेले. मला कुणी 'चल' म्हणालं नाही. आई आत जाऊन भांडी आवरू लागली.

तासाभरानं ते परतले, तेव्हा आण्णा बोलत होते. चारा, गाभण म्हशी, दुधाचं फॅट. इतकं बोलताना मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. निघताना पाहुणे म्हणाले, "घर पसंत हाय. मानसं पसंत हाईत." मग माझ्याकडे बघितलं. "पोराचं... बघू."

ते गेल्यावर मी आण्णांचे पाय धरले. म्हणालो, "चुकलं माझं."

"सोड," ते म्हणाले. "अंगठा दुखतोय."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, सोसायटी सुरू झाली आणि माझं लग्नही त्याच पाहुण्यांच्या मुलीशी झालं. बरेच दिवस धीर करून एकदा बायकोला विचारलं, "तू होकार कावून दिलतास?"

"बापू म्हनले," ती भाकरी थापत म्हणाली, "चुलत सासरा देवमानूस हाय. नवरा कसा का असंना, निभंल."