पान तिसरं, हिमस्खलन

आमच्या घरात इंग्रजी कागदावर न वाचता कोणी सही करत नाही. नियम माझा. बाबांनी कारखान्यात एका टाइप केलेल्या कागदावर अंगठा दिला होता. पगारवाढीचा आहे असं त्यांना सांगितलं होतं. तो स्वखुशीनं दिलेला राजीनामा निघाला. मी तेव्हा सातवीत होतो. पुढे मी बी.ए. झालो, आमच्या खानदानातला पहिला, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. तेव्हापासून घरातलाच काय, गल्लीतलाही इंग्रजी कागद आमच्या ओट्यावर येतो. मी पेन्सिल घेऊन बसतो, मोठ्यानं वाचतो, मराठीत सांगतो. मी मान हलवली की मग सही.

धाकटा भाऊ आयटीआय झालेला वायरमन. हिंगण्याच्या एका कंपनीतलं त्याचं कंत्राट संपलं आणि एक ठेकेदार उत्तरेकडे, पहाडात, रस्त्याच्या कामावर माणसं नेत असल्याचं कळलं. कागद आला. चार पानं, आणि शेवटी आईच्या सहीची जागा: कामातल्या धोक्यांची घरच्यांना कल्पना दिली आहे, म्हणून. ती ओळच मला खटकली. मनात काळंबेरं नसेल तर घरच्यांची सही कशाला लागते?

दुसऱ्या पानावर चोर सापडला. आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट ठेकेदाराकडे जमा राहील. मी पेन्सिलीनं दोनदा रेघ मारली. तिसऱ्या पानावर अ‍ॅव्हलांच हा शब्द होता. पहाडात तो प्रकार घडू शकतो, असं एका ओळीत लिहिलं होतं. हा शब्द मला येत होता. विहाराच्या अभ्यासिकेत मोठी डिक्शनरी होती, त्यातून मी रोज एक शब्द वहीत उतरवायचो. याच्यासमोर मी ‘हिमस्खलन’ असं लिहिलं होतं. परीक्षेतही आला होता. पूर्ण मार्क.

मी ते तसंच सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, म्हंजे काय होते गा?

‘बर्फ घसरते,’ मी म्हणालो.

आमच्याकडे बर्फ म्हणजे लग्नाच्या मांडवात पोत्यात गुंडाळून येणारी लादी. ती फरशीवर घसरते, ओल्यात एखाद्या पाहुण्याचा पाय सटकतो. आईनं भावाला सांगितलं, मंग बुटं चांगले घेजो. तो हसला. मीही हसलो आणि परत दुसऱ्या पानावर आलो.

ठेकेदाराच्या माणसाशी मी दोन दिवस भांडलो. शेवटी झेरॉक्स चालेल असं त्यानं कबूल केलं, ती ओळ खोडली, बाजूला त्याची छोटी सही घेतली. मग आईनं केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही आहे तिची, एकेक अक्षर सुटं. पुढचे आठ दिवस मी चहाच्या टपरीवर हेच सांगत होतो.

दीड महिन्यानं एका रविवारी दुपारी भावाचा फोन आला. आधी त्यानं विचारलं, माय जवळ आहे का? ती नळावर होती. मग तो सांगू लागला. समोरच्या पहाडाची अख्खी कूस सुटली. आधी नुसता बर्फाचा धूर दिसला, आवाज नंतर आला. चार झाडं उभी होती तिथं काहीच उरलं नाही. तिथले लोक त्याला घसरते म्हणत नाहीत, येते म्हणतात. सकाळी एकमेकांना विचारतात, आज येईल का? आपल्याकडे जंगलाजवळच्या गावात वाघाबद्दल विचारतात तसं. तिथला माणूस बिडी पेटवायच्या आधी वर बघतो.

‘दादा, तू थो शब्द कुठं पाह्यला होता?’

डिक्शनरीत, म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

पहिला संशय मला त्याचाच आला. घरची आठवण येत असेल, तिखटमीठ लावून सांगत असेल. मग ठेकेदाराचा आला. वहीचा आला तो सर्वात शेवटी. कपाटातून काढून पाहिली: हिमस्खलन, बाजूला लाल पेनाची बरोबरची खूण. दुसऱ्या दिवशी मी नोकरी करतो त्या कंपनीत जेवणाच्या सुटीत मोबाईलवर व्हिडिओ लावले आणि डबा तसाच राहिला. आठवलं, मागच्या दिवाळीत ऑर्डरींचा अ‍ॅव्हलांच आला आहे असं मी स्वतः मेलमध्ये लिहिलं होतं. साहेब म्हणाले होते, इंग्रजी चांगलं आहे तुमचं.

आईला मी काही सांगितलं नाही.

कंत्राटाचे तीन महिने भरत आले तसा नवा कागद आला. तीच चार पानं, तीच आईच्या सहीची जागा. ती पेन घेऊन ओट्यावर बसली. दुसरं पान मी सावकाश वाचलं. मूळ सर्टिफिकेटची ओळ या वेळी नव्हती. तिसऱ्यावर आलो आणि जरा भरभर वाचलं.

‘थांब. मांगच्या खेपेले तू इथं थांबला होता. आज काहून पळून राहिला?’

मग मी सांगितलं. डिक्शनरीतलं नाही. आईनं कित्येक वर्षं दगड फोडायच्या क्रशरवर गिट्टीची घमेली वाहिली आहेत, म्हणून म्हटलं, गिट्टीचा ढीग येतो ना अंगावर, तसा. पण बर्फाचा, अन् अख्ख्या टेकडीएवढा.

किती मोठा, किती थंडी, हे तिनं विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं.

‘ढीग उगाच येत नाही. खालून उपसला का येते. तिथं खालून कोन उपसून राहिलं?’

तिनं फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर भावाला तेच विचारलं.

‘आपलीच कंपनी, माय. पहाड कापून रस्ता रुंद करून राहिले.’

ती म्हणाली, परत ये. जुन्या कागदाचे अजून आठ दिवस बाकी आहेत, असं तो म्हणाला. मंग आठ दिवस वर पाहून चालजो, असं सांगून तिनं फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, झालं. मी नवा कागद घडी करू लागलो.

‘मांगचा कागद आन,’ ती म्हणाली. ‘ज्याच्यावर मी सही केली थो.’

मी आणला. तिनं आपली सुटी सुटी सही बोटानं चाचपली, मग पानं उलटून पहिलं पान वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. बी.ए. झाल्यापासून असं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ठेकेदाराच्या माणसाकडे मी तसंच पाहायचो.

‘वाच पह्यल्यापासून. अन् मराठी शब्द सांगू नोको. काय होते थे सांग.’