दाढेभोवतीची रेघ

वाडीतली सुपारी सुकली की नाही, हे आमच्या घरात दाढ सांगते. लोक सुपारी कानाशी हलवून बघतात, अडकित्त्याने कातरून बघतात. आमचे आप्पा ढिगातली एक उचलायचे, सोलायचे, डावीकडच्या वरच्या दाढेखाली धरायचे आणि हळूच दाबायचे. फोडायची नाही हं, नुसती दाबायची. आत ओल असली की ती किंचित दबते, सगळ्याला हो म्हणते. खडखडीत सुकलेली मात्र उलट उत्तर देते. माझी थोरली बहीण म्हणते, अगदी तुझ्यासारखी.

हे कौतुक नव्हे, गरज आहे. ओली सुपारी पोत्यात गेली की बुरशी धरते आणि एकीपायी सगळं पोतं वाया जातं.

आप्पांची ती दाढ ठणकायला लागली तेव्हा मी नुकतीच मुंबईतली नोकरी सोडून श्रीवर्धनला परत आले होते. शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना रूट कॅनल सुचवलं. आप्पांनी एकच विचारलं, नस काढल्यावर दाढेला सुपारी कळेल का? डॉक्टर हसले आणि म्हणाले, आजोबा, मेलेल्या दाताला काय कळणार? झालं. मेलेली दाढ तोंडात ठेवून काय डोंबल करायचंय म्हणाले, आणि काढूनच घरी आले. मग उजवीकडची दाढ वापरून बघितली, तर ती मुकी निघाली. जन्मभराची सवय एका जागेची, ती दुसऱ्या जागेला कुठून येणार? एका सकाळी त्यांनी सोललेली सुपारी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आता तू बघ." त्यानंतर ते खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडायचे. खळ्यात वाळत घातलेल्या सुपारीकडे त्यांची पाठ असायची. मला ते बघवत नसे.

ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आणि गेल्या हिवाळ्यात माझीही तीच दाढ दुखायला लागली. तीच, डावीकडची, वरची. आप्पांची आठवण म्हणून दुसरं काही मागितलं असतं मी.

गावातल्या दाताच्या डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण हात हलका. त्यांनी रूट कॅनल केलं. आप्पांनी विचारलेला प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, तो मी गिळला. तेच उत्तर मिळालं असतं तर मी तरी काय केलं असतं? कळ सोसवत नव्हती, म्हणून तोंड उघडलं. पण त्या उपचारानंतरही दाढ दाबली की थेट डोळ्यापर्यंत सणक जायची. सुपारी सोडाच, भाताचं शीत सोसेना. ताई म्हणाली, काढून टाक, सुटशील. तिचं काय जातंय? तिला कवळी आहे. म्हणजे या घरात सुपारी बघणारी दाढ उरली होती ती एवढीच, आणि मी तिच्यासाठी हट्टाला पेटले.

डॉक्टर म्हणाल्या, काढायची की पुन्हा प्रयत्न करायचा, हे थ्रीडी स्कॅन बघून ठरवू. स्कॅन अलिबागला. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून मुरूडवरून पुढे. ताई सोबत आली, आणि एका दाताची केवढी ही वरात, हे तिने बोटीतल्या अनोळखी बाईलासुद्धा ऐकवलं.

स्कॅनच्या खोलीत मला उभं केलं, हनुवटी टेकवली, समोरच्या दातांत प्लॅस्टिकची कांडी दिली आणि सांगितलं, हलकेच चावून धरा, हलू नका. सवयीने मी ती कांडी तपासली. सुकलेली होती. मग ते यंत्र माझ्या डोक्याभोवती सावकाश फिरलं. हरिहरेश्वरला डोंगराला मी कितीदा तरी प्रदक्षिणा घातली आहे, पण मला कुणी घातलेली ही पहिलीच. श्वास रोखून उभी राहिले. दुखलं नाही, खुपलं नाही, काही सेकंदांत आटपलं. एवढंच, म्हणून ताईने नाक मुरडलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी ते स्कॅन आपल्या संगणकावर उघडलं आणि आम्हा दोघींना शेजारी बसवलं. पडद्यावर माझी दाढ होती. अडकित्त्याने सुपारीच्या चकत्या पाडाव्यात तशा त्यांनी तिच्या चकत्या केल्या, वरून खाली, एकेक करत, दाढेला हातही न लावता. प्रत्येक चकतीत करडी मुळं आणि त्यांत भरलेले तीन पांढरे ठिपके. ते केलेलं काम. आणि एका पांढऱ्या ठिपक्याला खेटून एक बारीक काळा ठिपका. रिकामा.

डॉक्टर म्हणाल्या, ही चौथी नळी. माझ्या हातून राहिली. साध्या एक्स-रेत ती दिसली नाही, कारण ती बरोबर दुसरीच्या मागे होती. हे मला लगेच पटलं. वाडीत एका रांगेत उभं राहिलं की दोन पोफळी एकच दिसतात, दोन पावलं बाजूला सरकलं की दुसरी दिसते. ते यंत्र माझ्याभोवती फिरलं ते यासाठीच.

मग त्यांनी मोजायला घेतलं. माऊसने एक टोक दाढेच्या माथ्यावर धरलं, नळीच्या वळणावळणाने ठिपके देत वर मुळाच्या टोकाशी गेल्या. रेघेशेजारी आकडा उमटला, एकोणीस मिलिमीटरच्या थोडा वर. रुंदी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, आणि टोकाशी त्याहून कमी. एवढं नेमकं कशाला लागतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, सुई कमी गेली तर घाण आत राहते, जास्त गेली तर पलीकडे हाडात. आणि पलीकडे काय, तर गालाच्या हाडात केवढी तरी पोकळी! माझ्याच चेहऱ्यात एक काळोखी खोली आहे आणि तिच्या जमिनीशी माझ्या दाढेची मुळं आली आहेत, हे मला या वयात कळत होतं. सहाव्या-सातव्या वर्षी ही दाढ आली. तेव्हापासून मी तिने ऊस खाल्ला, भांडताना ती आवळली, सुपाऱ्या बघितल्या, आणि आत हे सगळं असं, एवढं सुबक.

तेवढ्यात मला आणखी काहीतरी दिसलं. प्रत्येक मुळाभोवती केसासारखी एक काळी रेघ होती, आणि ज्या मुळात चौथी नळी होती त्याच्या टोकाशी ती फुगून डाग झाली होती. तो डाग म्हणजे दुखण्याचं घर, डॉक्टर म्हणाल्या, नळी साफ झाली की भरून येईल. आणि ही बाकीची रेघ? त्यांनी तीही मोजली. मिलिमीटरचा पाचवा हिस्सा भरेल न भरेल. म्हणाल्या, दाढ हाडाला चिकटलेली नसते, या फटीत बारीक तंतूंवर टांगलेली असते.

का कोण जाणे, तेव्हा मी आप्पांचा प्रश्न विचारला. नस काढलेल्या दाढेला सुपारी कळेल का?

डॉक्टर हसल्या नाहीत. सुपारी कशी बघतो ते त्यांनी मला नीट सांगायला लावलं. मग पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं.

"आतल्या नसेला थंड-गरम कळतं, ठणका कळतो. पण दाताखाली काय दबतंय, किती दबतंय, ते या तंतूंना कळतं, मावशी. ते नळीत नसतात, बाहेर असतात. दाढ राहिली तर तेही राहतील."

मी ताईकडे बघितलं नाही. माझ्याने बघवलंच नसतं.

चौथी नळी त्यांनी पुढच्या आठवड्यात उघडली, मोजलेल्या लांबीपर्यंत साफ केली, भरली. सणक हळूहळू गेली. कॅप बसवताना बजावलं, फोडायची नाही. फोडतंय कोण, मी म्हटलं, आमच्या घरात कुणी कधी फोडली नाही.

फाल्गुनात खळ्यात सुपारी पसरलेली होती. ताई समोर बसून खराब निवडत होती. मी ढिगाच्या तळातून एक उचलली, सोलली, डावीकडे धरली. हळूच दाबली. क्षणभर काहीच नाही. आणि मग ते आलं, दुरून आल्यासारखं पण तेच, ते किंचित दबणं.

"ओली आहे," मी म्हटलं. "चार उन्हं अजून हवीत."

"नक्की?"

"नक्की."

ताईने हातातली सुपारी खाली ठेवली. तिची नजर ओटीवर होती, जिथे आप्पांची खुर्ची असायची.

"म्हणजे आप्पांनाही कळलं असतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी ढीग पुन्हा पसरायला लागलो, कारण ऊन चढायला लागलं होतं.