तीनदा पुकारा

कोर्टाच्या दारावर उभं राहून पुकारा करण्यात माझी बावीस वर्षं गेली. निकाल लागला की फाईल बांधून रेकॉर्डला जाते, पण लोकांनी दारात विचारलेले प्रश्न कुठं पाठवायचे? ते माझ्याकडेच साठत गेले. साहेबांना विचारायची सोय नसते, वकिलाला विचारायची भीती वाटते, मग सगळे शिपायाला विचारतात! "मी वकील नाही," असं मी आधी बजावतो आणि मग अर्धा तास समजावत बसतो. ही खोड मला एकदा भोवली. माझ्यापेक्षा जास्त एका बाईला भोवली असती.

*

पालमकडचा एक मेंढपाळ. त्याची मेंढरं चोरीला गेली होती, चोर सापडले होते, आणि हा साक्ष द्यायला चौथ्यांदा आला होता. एकदा आरोपी आला नाही, एकदा वकील आला नाही, एकदा साहेब रजेवर. चौथ्यांदाही पुढची तारीख पडली. बाहेर येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मेंढरं माझी गेली, अन् हेलपाटे बी मलाच?"

मी म्हणालो, "तुम्ही साक्ष दिल्याशिवाय त्यांना शिक्षा कशी होणार?"

त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. "म्हंजी मेंढरं चोरण्यापरीस साक्ष देणं अवघड हाय म्हना की!"

पाचव्या तारखेला मात्र तो आला आणि त्याची साक्ष झाली.

*

मारहाणीच्या केसमध्ये एकाला जामीन झाला. त्याची आई व्हरांड्यात पेढे वाटायला लागली, "सुटलं माझं लेकरू!" पलीकडच्या बाकावर, हाताला प्लॅस्टर घातलेला फिर्यादी म्हातारा बसला होता. त्यानं मला खुणेनं बोलावलं. "सोडून देलं व्हय? कोर्टात बी न्याव न्हाई?"

मी दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "जामीन म्हणजे सुटका नाही. केस चालेपर्यंत बाहेर राहायचं, दर तारखेला हजर व्हायचं. निकाल अजून लागायचाय!"

बाईनं पेढ्यांचा पुडा पिशवीत घातला. म्हाताऱ्यानं डोळे पुसले. एकाच वाक्यानं एकीचं हसू गेलं आणि दुसऱ्याचं रडू थांबलं.

*

पोखर्णीकडचे दोघं सख्खे भाऊ. बांधावरून भांडले, धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. थोरला वाचला. वर्षभरानं फिर्यादी आणि आरोपी एकाच मोटारसायकलवर बसून तारखेला आले! लिंबाखाली बसून एकाच डब्यातून जेवले आणि हात धुऊन माझ्याकडं आले.

थोरला म्हणाला, "आमचं मिटलंय. ते एफआयआर फाडून टाका."

"तसं होत नाही. फिर्याद तुमची असली तरी केस आता सरकारची आहे. या कलमात आपसात मिटत नाही."

त्यानं टोपी काढून टाळूवरची टाक्यांची खूण दाखवली. "डोस्कं माझं फुटलं, सरकारला कुठं लागलं?"

धाकटा मान खाली घालून म्हणाला, "चलू द्या केस. लागलंय ते लागलंयच."

*

आता ज्यासाठी हे सगळं सांगत बसलो, ते.

ताडकळसच्या पुढच्या एका गावात लिंबाजी सटवाजी नावाचा माणूस ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. गावच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. सरपंचानं लिंबाजीचं नाव घेतलं. काम गेलं, केस झाली, खालच्या कोर्टात शिक्षा लागली. त्यानं आमच्याकडं अपील केलं. शिक्षा थांबवून त्याला जामीन मिळाला होता, पण गावात 'मोटारचोर' हे नाव काही थांबलं नाही.

तारखेला तो सगळ्यांच्या आधी यायचा. "जयभीम साहेब!" म्हणायचा. मी साहेब नाही, शिपाई आहे, हे मी त्याला दरवेळी सांगायचो. पुकारा झाला की दोन्ही हात जोडून ठरलेलं उत्तर द्यायचा, "हाजर हाय जी!"

पुकारा तीनदा करायचा असतो. तिसऱ्यांदा कुणी ओ दिली नाही तर आत जाऊन 'गैरहजर' सांगायचं. लिंबाजीच्या वेळी दुसऱ्या पुकाऱ्याची गरज कधी पडली नाही.

एका तारखेला पडली. तिन्ही झाले. मी आत जाऊन 'गैरहजर' सांगून बाहेर आलो, तर त्याची बायको कौसाबाई धापा टाकत जिना चढून येत होती. एसटी उशिरा आली होती.

"ह्ये गेले भाऊ. छातीत कळ आली. आज बारा दिस झाले."

तिनं विचारलं, "आता केसचं काय व्हतं?"

त्यांच्या वकीलबाई त्या दिवशी नव्हत्या. आणि मी, एवढ्या वर्षांचा अनुभवी, बोलून मोकळा झालो, "माणूस गेला की केस संपली, मावशी. आता यायची गरज नाही."

"संपली म्हंजी? चोर का साव?"

"ते आता राहिलंच."

ती पदर सावरून जिना उतरून गेली.

*

पंधरा दिवसांनी वकीलबाई भेटल्या. मी कौसाबाईला काय सांगितलं ते त्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मामा, खटला चालू असताना आरोपी गेला तर केस संपते. हे अपील आहे! कैदेची शिक्षा लागलेली आहे. बायकोला तीस दिवसांच्या आत अर्ज करून परवानगीनं अपील पुढं चालवता येतं. नाही केला तर चोरीचा शिक्का त्यांच्या नावावर कायमचा राहील. जाऊन किती दिवस झाले?"

मी बोटं मोजली. सत्तावीस!

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. अर्धी रजा टाकून मोटारसायकल काढली. कौसाबाई दुसऱ्याच्या शेतात निंदत होती. बांधावरूनच म्हणालो, "मावशी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. केस संपलेली नाही."

वाटलं, चार शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तिनं खुरपं ठेवलं, हाताची माती झटकली आणि विचारलं, "मंग बसलाव कशाला? चला की."

एकोणतिसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला.

*

पुढं वर्षभर ती एकटी तारखेला आली. लिंबाजीकडून जप्त दाखवलेल्या मोटारीवरचा नंबर ग्रामपंचायतीच्या मोटारीचा नव्हताच, हे वकीलबाईंनी कागदावरून दाखवलं. साहेबांनी निकाल वाचला. लिंबाजी निर्दोष.

कौसाबाई बाहेर आली ती दारातच थांबली.

"भाऊ, ह्येंच्या नावाचा पुकारा करा."

"मावशी, निकाल लागला. आता पुकारा नसतो."

"हितं न्हाई. हितल्या भिंतींनी लय बारी ऐकलाय. गावात करा."

नियमात बसत नव्हतं. पण मी या बाईला एकदा 'यायची गरज नाही' म्हणून परत पाठवलं होतं, दुसऱ्यांदा पाठवायची माझी छाती झाली नाही.

रविवारी गेलो. शिपायाचा पट्टा घातला नाही, साधा सदरा. टाकीखाली पाण्यासाठी अख्खं गाव हंडे घेऊन उभं होतं. समोरच्या ओट्यावर तेच सरपंच बसले होते, आता माजी. कौसाबाई निकालाची नक्कल छातीशी धरून माझ्याशेजारी उभी राहिली. मी कोर्टाच्या दारातल्यासारखाच आवाज लावला.

"लिंबाजी सटवाजी, हाजिर हो!"

हंड्यांचा आवाज थांबला.

"लिंबाजी सटवाजी, हाजिर हो!"

सरपंच ओट्यावरून उठून उभे राहिले.

"लिंबाजी सटवाजी, हाजिर हो!"

कौसाबाईनं दोन्ही हात जोडले. "हाजर हाय जी. निर्दोष हाय."

सध्या पाणी सोडतो तो माणूस रांगेतून वाट काढत पुढं आला आणि त्यानं पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी तिच्यापुढं धरली.

त्या दिवशी गावाला पाणी कौसाबाईनं सोडलं.