दुपट्ट्याखालचा सौदा आणि माझी फी

मस्कतहून सौंसरला परतलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी दादा, माझा थोरला भाऊ, मला आमच्या बागेत घेऊन गेला. १९८५ चा जून. झाडांवर संत्री अजून लिंबाएवढी... आणि नागपूरला एम.ए.ची फी भरायला आठच दिवस उरलेले.

चार वर्षं मी तिकडे टायपिस्ट होतो. पगार दादाकडे पाठवायचा, परतल्यावर त्यातूनच शिकायचं, असं ठरलं होतं. आल्या आल्या विचारलं, तर म्हणाला, "विहिरीत गेले. झाडावरची बहार विकून देतो तुले, बापू."

व्यापारी आला. दादाने खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकला आणि दोघं कापडाखाली एकमेकांची बोटं दाबत राहिले. आमच्याकडे भाव तोंडाने सांगत नाहीत, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवशी मात्र वाटलं, हा दुपट्टा माझ्यापासूनच लपवायला टाकलाय.

"केवढ्यात गेली?"

"तुही फी निघते त्यात."

एवढंच. संध्याकाळी मी एकटाच जाऊन विहीर पाहून आलो. नवी होती, पाणीही होतं... तरी संशय गेला नाही.

फीचे पैसे त्याने माझ्या हातात दिलेच नाहीत. "मीच येतो," म्हणाला. बसमध्ये धोतराच्या कनवटीवर हात ठेवून बसला. लोधीखेडा गेलं, सावनेर गेलं. फी सोडून उरलेले पैसे कुठे असतील, एवढंच माझ्या मनात.

कॉलेजच्या खिडकीत त्याने स्वतः नोटा ठेवल्या. पावती घेतली. मग वाकून क्लार्कला विचारलं, "बाबूजी, हा उद्या एकटा आला अन् पैसे वापस मांगितले, तं द्यान काय?"

"नाही. एकदा भरलेली फी परत मिळत नाही."

"पक्कं?"

"पक्कं हो काका!"

तेव्हा कुठे दादाने पावती माझ्या हातात दिली. "आता कायचं तिकीट काढतं?" म्हणाला. "माय रोज इचारून राहिली, बापू मस्कतले वापस तं नाही जाणार..."

संशय त्यालाही होता तर. बसमध्ये, कनवटीवरच्या त्या हातात.

एम.ए. झालो. नागपूरलाच तीस वर्षं शिकवलं, पुन्हा विमानात बसलो नाही. त्या वर्षी बागेतली बहार केवढ्यात गेली, हे दादाने शेवटपर्यंत सांगितलं नाही... आणि मीही पुन्हा विचारलं नाही.