‘बस’ला पर्यायी शब्द हवा आहे

मित्रहो, आज मी भाषेपुढे हात टेकले आहेत.

धाकटी बहीण शुभांगी सोयगावहून आली, म्हणून माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम काढला. कॅसेट फुंकून लावली आणि उड्यांच्या त्या खेळाचा दुसरा भाग चक्क सुरू झाला. लहानपणी ज्या उंच भिंतीपाशी आम्ही कायम हरायचो, तिथवर ती आज पोहोचली. शेवटची जान उरली होती.

दुसऱ्या भागाची खुबी मी तिला आधीच सविस्तर समजावली होती: खालचं बटण दाबून धरलं की गडी बसतो, जोर साठवतो आणि मगच उंच उडतो.

भिंत आली. मी ओरडलो, “बस! बस!”

तिनं बटणच सोडलं. गडी भिंतीपुढच्या खड्ड्यात गेला.

“अगं, सोडलंस का?”

“तूच बस बस म्हणलास ना! मला वाटलं, पुरे.”

“बस म्हणजे खाली बस!”

“मग तसं म्हण की दादा! एरवी लई लांबण लावतोस!”

उद्या ती परत जाणार. त्याआधी भिंत ओलांडायची आहे. काय ओरडू, ते सुचवा. फक्त ‘खाली बस’ नको. पुढच्या डावात तेच ओरडलो, तर उभ्यानं खेळणारी शुभांगी स्वतःच सतरंजीवर बसली.