भाडेकरू हजर पाहिजे

माझ्या शिवणकामाच्या दुकानासमोर गुरुदत्तशेटची दुमजली चाळ आहे. चाळ बापाने बांधली, याने फक्त नावापुढे 'शेट' चिकटवून घेतलं. जिन्यातला दिवा रोज रात्री स्वतः येऊन विझवतो. माझ्या दुकानात बसून फुकट पेपर वाचतो आणि वर बातम्या शिळ्या म्हणून मलाच ऐकवतो. एका कटिंगचे दोन भाग करून पाहुण्याला पाजतो. कंजूष मी पुष्कळ पाहिले, पण याच्याइतका कोडगा दुसरा नाही.

मागच्या वर्षी त्याने चाळ दुरुस्तीला काढली. तळमजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत दमयंतीबाई राहायच्या. करंज्याच्या कोळीण, नवरा गेल्यापासून एकट्या, पनवेलच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. "मावशी, काम होईपर्यंत भावाकडे जा. खोली तुमचीच आहे," शेट गोड गोड बोलला. बाई बिचाऱ्या गेल्या. काम संपलं आणि त्यांच्या दाराला शेटचं कुलूप लागलं. त्याला तिथे मोबाइलचं दुकान घालायचं होतं.

बाई मग पाटी घेऊन करंज्याहून बाजारात यायच्या, उरणला एसटी बदलून. येता-जाता चाळीपाशी थांबून शेटला हाक मारायच्या. "शेट घरात नाहीत," असं शेटच आतून ओरडून सांगायचा. मग बाई माझ्या पायरीवर बसून पाणी प्यायच्या आणि त्या बंद दाराकडे बघत राहायच्या. मला या माणसाची किळस यायची.

पुढे घरपट्टीचं बिल आलं. चाळ नवी दिसायला लागली तशी आकारणीही चढली. शेटच्या तोंडचं पाणी पळालं. जुनी इमारत दुरुस्त करून जुने भाडेकरू परत आणले, तर वाढलेल्या पट्टीत सवलत मिळते, असं त्याला कुणीतरी सांगितलं. याने लगेच अर्ज ठोकला. सगळे भाडेकरू परत आलेत, असं त्यात बेधडक लिहूनही दिलं. प्रत्यक्ष पाहणी होणार आणि भाडेकरू हजर पाहिजे, हे कळल्यावर मात्र त्याला कोपऱ्यातली खोली आठवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढव कोण, ते वेगळं सांगायला नको.

हरी करंज्याला गेला. "मावशी, एक दिवस येऊन बसा. साहेब लोक गेले की परत जा," म्हणाला. वर म्हणतो, "येताना अंथरूण-भांडी तुमचीच आणा. खोली राहती दिसली पाहिजे." घरातली चार भांडी एक दिवस द्यायची, तरी याच्या जिवावर आलं!

पाहणीच्या सकाळी बाई भावाच्या, अनंताच्या, टेम्पोतून उतरल्या. पलंग, पिंप, शेगडी, देव, सगळा संसार बरोबर. सामान लागलं आणि अनंता टेम्पो घेऊन निघून गेला. शेट खूश. "वा मावशी, अगदी खरं वाटतंय!"

पाहणीला महापालिकेच्या वसुंधरा मॅडम आल्या. "किती वर्षं राहता इथे?"

"लगीन होऊन आले तवापासून हितंच हाय."

शेटला राहवलं नाही. "आमच्या घरच्याच आहेत, मॅडम. यांना कुठे जाऊ देणार आम्ही?" असं म्हणून त्याने बाईंशेजारी हात जोडून फोटो काढून घेतला. या इथेच राहतात आणि राहतील, म्हणून सहीसुद्धा दिली. लाज कोळून प्यायलेला माणूस!

मॅडम वरच्या मजल्यावर गेल्या. शेट दारात येऊन हळूच म्हणाला, "झालं मावशी. आता टेम्पो बोलवा."

"टेम्पो गेला."

"मग दुसरा बोलवा."

"त्याचं पैसं कोन देनार? तू?"

शेटने आवाज चढवायला तोंड उघडलं.

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "मॅडम अजून वरच हाय. हाक मारू काय तिला? मला कशाला आनलंस, ते सांगू?"

शेटने जिन्याकडे बघितलं. बाईंनी विळी पुढे ओढली आणि मासळीची पिशवी उघडली.

"आता दारातून बाजूला हो. उजेड अडतोय."

शेट बाजूला झाला.